तबकडी, ड्राइव्ह आणि घरचा सर्व्हर : प्रस्तावना

१९८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सीडी वाजवणारे पहिले यंत्र जपानच्या बाजारात विक्रीस आले, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत गाणे, चित्र, लेख, हिशेब, ज्ञानकोश, संगणकाच्या आज्ञावल्या, असा जो जो ऐवज अंकांत मांडता येण्याजोगा होता तो बहुतेक सारा बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकडीवर येऊन विसावला. आपल्या महाराष्ट्रापुरते पाहिले तर लग्नामुंजींची चित्रणे, नाटकांच्या व्हीसीडी, शास्त्रीय गायनाच्या सीडी, डिजिटल कॅमेऱ्याने काढलेली पहिली छायाचित्रे, छापखान्याकडे पाठवलेल्या पुस्तकांच्या व स्मरणिकांच्या फायली, इस्पितळातून एमआरआय तपासणीबरोबर मिळालेल्या तबकड्या, हा सर्व संग्रह आज घरोघरच्या कपाटांत पडून आहे. तबकड्या आहेत, त्या वाचणारे यंत्र मात्र घरात उरलेले नाही. नव्या लॅपटॉपांतून डीव्हीडी रायटर केव्हाच नाहीसा झाला, आणि मेजावरच्या संगणकासाठी मिळणाऱ्या नव्या कॅबिनेटांत तो बसवावयाची सव्वापाच इंची जागाही आता क्वचितच ठेवलेली असते.

उत्पादनाच्या बाजूनेही हेच चित्र आहे. लिहिता येणारी सीडी ज्या ताइयो युदेन ह्या जपानी कंपनीने १९८८ साली प्रथम सिद्ध केली, तिने २०१५ च्या अखेरीस तबकड्यांचा व्यवसाय आवरला. १९८३ साली दिल्लीत स्थापन झालेल्या आणि जगातील मोठ्या तबकडी-उत्पादकांत गणल्या गेलेल्या मोझर बेअर कंपनीची अखेर २०१८ साली अवसायनाच्या हुकुमाने झाली. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवले. ज्याला आपल्या कपाटातील तबकड्यांची चिंता वाहावयाची आहे त्याने ती आता वाहिली पाहिजे, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

ह्याच काळात दुसरी एक हौस मध्यमवर्गीय घरांत रुजली. जुन्या संगणकाच्या किंवा लहानशा नव्या मदरबोर्डाच्या साहाय्याने, दोन-चार हार्ड डिस्का एकत्र जोडून, घरातील सर्व यंत्रांना जाळ्यावरून उपलब्ध होईल असे सामायिक भांडार स्वतः उभारावयाचे, ही ती हौस. अशा सर्व्हरला हौशी मंडळी ‘नॅस’ म्हणतात. फ्रीबीएसडीवर आधारलेली फ्रीनॅस ही प्रणाली २००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाबे ह्यांनी सुरू केली. तिची पुढची आवृत्ती आज ट्रूनॅस ह्या नावाने ओळखली जाते. डेबियनवर उभी असलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही दुसरी प्रणाली साधी व मोकळी आहे. ह्यांच्या स्थापनेविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले असल्याने तो तपशील ह्या पुस्तिकेत मी मुद्दाम थोडक्यात आटोपला आहे. माझा विषय आहे तो ह्या सर्व्हराला जोडलेला तबकडी-ड्राइव्ह : त्याने तेथे कोणते काम करावे, कोणते करू नये, आणि ते काम चोख झाले आहे ह्याची खातरजमा कशी करावी.

ड्राइव्ह सर्व्हराला जोडला की पहिली कल्पना जी मनात येते ती अशी की, तबकडी सर्व्हरात घालावी आणि घरातल्या कोणत्याही संगणकावरून ती वाचावी. ही कल्पना नवी नाही. १९९० च्या दशकात ग्रंथालयांतून व कचेऱ्यांतून एकावर एक अनेक सीडी-ड्राइव्ह रचलेले मनोरे जाळ्याला जोडलेले असत, आणि वाचक आपल्या मेजावरून त्यांतील कोश व सूची चाळीत असत. २००८ साली अ‍ॅपलने ड्राइव्हविरहित मॅकबुक एअर बाजारात आणला तेव्हा दुसऱ्या संगणकाचा ड्राइव्ह उसना घेण्याची सोयही त्यासोबत दिली. परंतु त्या सोयीने गाण्याची सीडी ऐकता येत नसे आणि चित्रपटाची डीव्हीडीही पाहता येत नसे. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जाळ्यावरून आपण जे वाटून घेतो त्या फायली असतात, आणि गाण्याच्या सीडीवर फाइल ह्या नावाची वस्तूच नसते. तेथे असतो तो केवळ ध्वनीच्या नमुन्यांचा अखंड प्रवाह आणि कोणते गाणे कोठे सुरू होते ह्याची प्रारंभीची यादी. संपूर्ण ड्राइव्हच आयस्कझीसारख्या मार्गाने दुसऱ्या यंत्राच्या हवाली करण्याची तजवीज आहे, ती चालतेही. पण तबकडी बदलण्यासाठी अखेर सर्व्हरापर्यंत चालत जावेच लागते, तेव्हा एवढ्या खटाटोपाचा मोबदला फार अल्प आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ड्राइव्हचे खरे काम वाटपाचे नाही, आवक घेण्याचे आहे. प्रत्येक तबकडी एकदाच, पण निर्दोषपणे वाचावयाची, तिची पूर्ण नक्कल भांडारात दाखल करावयाची, आणि पुढचे सर्व वाचन त्या नकलेवरून करावयाचे.

येथे ‘निर्दोषपणे’ ह्या शब्दावर माझा सारा भर आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जन्मलेल्या आणि २००५ साली सर्वांस खुल्या झालेल्या झेडएफएस ह्या फाइल-व्यवस्थेचा मोठा गुण असा की, ती प्रत्येक ठोकळ्यासोबत त्याचा पडताळा-अंक वेगळा नोंदवून ठेवते, ठरावीक मुदतीने साऱ्या साठ्याची शहानिशा करता येते, आणि एका हार्ड डिस्कवर बिघडलेला मजकूर दुसरीवरून आपोआप दुरुस्त होतो. परंतु ही सर्व दक्षता मजकूर भांडारात शिरल्यानंतरची आहे. ड्राइव्हने चुकीचे वाचले असेल तर ते चुकीचेच अंक झेडएफएस वर्षानुवर्षे अत्यंत प्रामाणिकपणे जतन करील. जुन्या कचेऱ्यांत नक्कलनवीस नक्कल उतरून झाल्यावर ती अस्सलाशी ताडून पाहिल्याशिवाय ‘रुजू’ असा शेरा मारीत नसे. तशीच रुजुवात तबकडी आणि सर्व्हर ह्यांच्या दरम्यान व्हावी लागते, आणि ती करावयाची जबाबदारी कोणतीही प्रणाली आपल्या वतीने पत्करत नाही.

ह्या रुजुवातीची रीत तबकडीच्या जातीनुसार बदलते, म्हणून तबकडीच्या अंतरंगात थोडे शिरणे प्राप्त आहे. सीडीवरील मजकूर २३५२ बाइटांच्या तुकड्यांत विभागलेला असतो, आणि असे पंचाहत्तर तुकडे मूळ गतीने एका सेकंदात वाचले जातात. लेसरने वाचताना ओरखडा, धूळ किंवा बोटाचा ठसा आड आला तर हरवलेले अंक पुन्हा सिद्ध करण्यासाठी रीड-सॉलोमन पद्धतीची दुहेरी दुरुस्ती सर्वच सीडींत अंतर्भूत आहे. फायलींच्या सीडीत ह्यावर आणखी एक तटबंदी असते : २३५२ बाइटांपैकी मजकूर केवळ २०४८ बाइटांचा, आणि उरलेल्या जागेचा मोठा भाग पडताळ्यासाठी व दुरुस्तीसाठी राखलेला. म्हणून फायलींची सीडी एक तर बरोबर वाचली जाते, नाहीतर ड्राइव्ह स्वच्छ नकार देतो. गाण्याच्या सीडीत ही तिसरी तटबंदी नाही; तेथे सर्व २३५२ बाइट ध्वनीचेच असतात, आणि दुरुस्ती अशक्य झाली की वादक यंत्र मागच्यापुढच्या नमुन्यांवरून अंदाजाने रिकामी जागा भरून काढते. ऐकताना हा अंदाज बहुधा कळतही नाही, पण नक्कल म्हणून तो खोटा असतो. क्रिस्टोफर माँटगोमेरी ह्यांची सीडीपॅरानॉइया, आंद्रे वीटहॉफ ह्यांची एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि लिनक्सवरील व्हिपर ह्या आज्ञावल्या ह्यासाठीच निर्माण झाल्या : संशयास्पद भाग त्या पुनःपुन्हा वाचतात. त्यांतील काही तर आपल्या वाचनाचा पडताळा-अंक जगभरच्या इतर लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या वाचनांशी ताडून पाहतात. मात्र लहान प्रकाशकांनी थोड्या प्रतींत काढलेल्या मराठी भावगीतांच्या, कीर्तनांच्या वा नाट्यपदांच्या सीडींचा दाखला त्या सामायिक नोंदीत असेलच असे धरून चालता येत नाही. अशा वेळी तीच सीडी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हांवर वाचून, दोन्ही ड्राइव्हांच्या प्रारंभबिंदूतील ठरावीक फरक हिशेबात धरून, दोन्ही वाचने परस्परांशी ताडणे हाच खात्रीचा मार्ग होय.

व्हीसीडीची गोष्ट ह्याहून नाजूक आहे, आणि आपल्याकडे व्हीसीडीचा प्रसार अतोनात झालेला असल्यामुळे तिच्याकडे विशेष लक्ष देणे अवश्य आहे. १९९३ साली निश्चित झालेल्या ह्या प्रकारात चित्राचा मजकूर प्रत्येक तुकड्यात २३२४ बाइट इतका भरतात. चित्रपटाचा जवळजवळ सव्वा तास एका सीडीत बसावा म्हणून तिसऱ्या तटबंदीची जागा चित्राला देऊन टाकलेली असते, आणि म्हणून दुहेरी दुरुस्तीनंतरही तुकड्यात राहिलेली चूक सुधारावयास तेथे काही उरत नाही. पुष्कळ लोक व्हीसीडीची नक्कल आयएसओ स्वरूपात करू जातात. परंतु आयएसओ प्रतिमा ही २०४८ बाइटांच्या तुकड्यांची असल्याने व्हीसीडीतील चित्र, आणि त्याचप्रमाणे गाण्याच्या सीडीतील ध्वनी, तिच्यात मावत नाही. त्यासाठी सीडीआरडीएओसारख्या आज्ञावलीने २३५२ बाइटांची कच्ची प्रतिमा, तिच्या अनुक्रमणिकेसह, घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस व नव्या शतकाच्या आरंभी रंगभूमीवर आलेल्या कित्येक नाटकांचे चित्रण लोकांपर्यंत पोहोचले ते व्हीसीडीच्याच रूपाने, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सूक्ष्म भासणारी बाब किती महत्त्वाची आहे ते कळेल.

कारखान्यात ठशाने छापलेली तबकडी आणि घरी वा दुकानात राइट केलेली तबकडी ह्यांच्या आयुष्यातही मोठे अंतर आहे. पहिलीत मजकूर खाचांच्या रूपाने प्लास्टिकमध्येच कोरलेला असतो. दुसरीत तो सेंद्रिय रंगाच्या पातळ थरात लेसरने उमटवलेल्या खुणांच्या रूपाने असतो, आणि ऊन, उष्णता व दमट हवा ह्यांनी तो रंग हळूहळू मावळतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत पंधरावीस वर्षे कपाटात राहिलेल्या राइट केलेल्या तबकड्या म्हणूनच सर्वप्रथम वाचावयास घ्याव्यात. मान्यवर कंपनीने छापलेली गाण्याची सीडी आणखी काही वर्षे थांबू शकते. सीडीचा चकचकीत थर तिच्या चित्र-बाजूखाली केवळ वार्निशाच्या पापुद्र्याने झाकलेला असतो, खालच्या बाजूस मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे प्लास्टिक असते. तेव्हा खालचा ओरखडा घासून पुसून काढता येतो, पण वरून चिकटवलेले लेबल सोलताना थर निघाला तर तो मजकूर कायमचा गेला. डीव्हीडीत तोच थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. ज्यांच्याकडे डीव्हीडीवर थेट चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याच्या लहान तबकड्या आहेत त्यांना आणखी एक अडचण येईल : चित्रण संपल्यावर तबकडी ‘फायनलाइज’ केलेली नसेल तर साधा ड्राइव्ह ती कोरी समजतो. अशा तबकड्यांसाठी मूळ कॅमेरा शोधून काढणे हाच सरळ उपाय आहे.

ज्या फायलींच्या तबकडीवर ड्राइव्ह अडखळतो तिच्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू ही आज्ञावली मला सर्वांत मोलाची वाटते, आणि पुस्तिकेचे एक सबंध प्रकरण मी तिला दिले आहे. ती प्रथम सुखाने वाचता येणारे सर्व भाग उचलते, अवघड भाग मागे ठेवते, आणि काय वाचले व काय राहिले ह्याचा नकाशा एका फायलीत लिहून ठेवते. त्यामुळे काम मध्येच थांबवून, तबकडी पुसून, दुसऱ्या ड्राइव्हात घालून, त्याच नकाशावरून पुढे चालवता येते. आणि दोन ड्राइव्हांच्या लेसरांची व भिंगांची जडणघडण भिन्न असल्यामुळे एकाने सोडलेले तुकडे दुसरा पुष्कळदा वाचतो. सर्व्हराचा खरा उपयोग येथे प्रत्ययास येतो. एखाद्या हट्टी तबकडीचे वाचन रात्रभर किंवा त्याहूनही अधिक वेळ चालत राहिले तरी घरातल्या कोणाच्या कामाला त्याची तोशीस लागत नाही, कारण सर्व्हर तसाही अहोरात्र जागा असतो.

जोडणीविषयी थोडक्यात सांगतो. साटा ड्राइव्ह मदरबोर्डावरील एक जोडणी अडवतो, आणि नॅस बांधणाऱ्याला ती एकेक जोडणी हार्ड डिस्कसाठी हवी असते. एचपीच्या मायक्रोसर्व्हर मालिकेत हार्ड डिस्कांच्या चार खणांखेरीज ड्राइव्हसाठी वेगळी जागा दिलेली असता हौशी लोकांनी तेथेही एसएसडी बसवून तीवर प्रणाली चढवली, ती ह्याच निकडीने. हार्ड डिस्कांसाठी बनवलेल्या जादा जोडण्यांच्या एचबीए कार्डावर तबकडी-ड्राइव्ह चालेलच असे गृहीत धरू नये. शिवाय बावन्नपट गतीने फिरणारी सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि ती किंचित असमतोल असली तरी तिचा कंप त्याच कॅबिनेटातील हार्ड डिस्कांपर्यंत पोहोचतो. ह्या सर्व कारणांनी मी यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हची शिफारस करतो. त्यातही लॅपटॉपजातीच्या पातळ ड्राइव्हपेक्षा स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या पेटीत बसवलेला जुना पूर्णाकृती डीव्हीडी रायटर वाचनास अधिक भरवशाचा ठरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधणाऱ्यास असे जुने ड्राइव्ह अद्याप हाती लागू शकतात. प्रणालीच्या बाजूने पाहता ओपनमीडियाव्हॉल्टवर ड्राइव्ह इतर कोणत्याही लिनक्स संगणकासारखाच वापरता येतो. ट्रूनॅससारख्या बंदिस्त प्रणालीत तो एखाद्या कंटेनरच्या किंवा आभासी यंत्राच्या ताब्यात द्यावा लागतो.

नक्कल झाली म्हणजे काम संपले असे नव्हे; तिला नाव, गाव आणि ओळख द्यावी लागते. गाण्याच्या सीडीवर बहुधा गाण्यांची नावेही नोंदलेली नसतात. राग, ताल, साथीदार, ध्वनिमुद्रणाचे स्थळ व साल हा तपशील असतो तो सोबतच्या कागदी पुस्तिकेत, म्हणून ती पुस्तिका दोन्ही बाजूंनी स्कॅन करून प्रतिमेशेजारीच ठेवावी. जागेची काटकसर करून एमपी३ बनवावे आणि मूळ टाकून द्यावे हा सल्ला एके काळी रास्त होता. आज हजार सीडींचा कच्चा मजकूरही सुमारे ८०० जीबीत बसतो, आणि फ्लॅक ह्या हानिरहित स्वरूपात त्याहून पुष्कळ कमी जागेत. मराठी मजकुराच्या तबकड्यांबाबत एक सूचना मी आग्रहाने करीन. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपली पुस्तके, मासिके व दिवाळी अंक पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएममध्ये किंवा मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत जुळवले जात, आणि पेजमेकरच्या त्या फायली योगेशसारखा नेमका फाँट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतात. फाइल उतरवताना तो फाँट, त्याची आवृत्ती, आणि शक्य तर छापील पानाची प्रतिमा, ही तिन्ही एकाच फोल्डरात ठेवल्यावाचून ती नक्कल पूर्ण झाली असे मी समजत नाही.

कायद्याचा विचार टाळून चालणार नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५२ खाजगी वापरासाठीच्या उचित व्यवहारास मोकळीक देते. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडण्यास शिक्षा सांगते. चित्रपटांच्या डीव्हीडीवर असे कुलूप बहुधा असते, आणि शिवाय प्रदेशांकनही असते. भारतासाठी तो अंक ५ आहे, आणि ड्राइव्हमध्ये तो पाचच वेळा बदलता येतो. घरचे चित्रण, स्वतःचे लेखन व छायाचित्रे ह्यांबाबत असा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ह्या पुस्तिकेचा रोख प्रामुख्याने त्यांच्याकडेच आहे. चित्रपट दुकानातून पुन्हा मिळेल. आजीच्या आवाजातल्या ओव्या मिळणार नाहीत.

ड्राइव्हचे दुसरे काम उलट दिशेचे : सर्व्हरावरील निवडक ऐवज पुन्हा तबकडीवर उतरवून ठेवण्याचे. एकदाच लिहिता येण्याजोग्या तबकडीवर लिहिलेला मजकूर नंतर बदलता येत नाही, आणि म्हणून सर्व्हरात शिरलेला खंडणीखोर विषाणू किंवा घाईत दिलेली चुकीची आज्ञा तिला स्पर्श करू शकत नाही. हार्ड डिस्का कितीही जोडल्या तरी हा गुण त्यांना येत नाही. एका थराच्या ब्लू-रेत २५ जीबी मावतात, म्हणजे ४ टीबीचे भांडार उतरवावयास १६० तबकड्या लागतील, आणि एवढा बंदोबस्त कोणीही सामान्य गृहस्थ करणार नाही. परंतु कुटुंबाच्या अत्यंत निवडक छायाचित्रांना, दस्तऐवजांना व ध्वनिमुद्रणांना एकदोन तबकड्या पुरतात. रंगाऐवजी खनिज थर वापरणाऱ्या एम-डिस्क ह्यासाठी अधिक योग्य समजल्या जातात. त्यांच्या हजार वर्षांच्या आयुष्याचा दावा उत्पादकाचा आहे, आणि त्यावर विसंबून दुसरी प्रत न ठेवणे शहाणपणाचे नव्हे. लिहिलेली प्रत वर्षाकाठी एकदा ड्राइव्हात घालून पडताळा-अंक ताडून पाहावेत.

ही पुस्तिका संगणकाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी लिहिलेली नाही. मदरबोर्डाला केबल लावण्याइतके धैर्य आणि आज्ञा अचूक टंकण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे अशा कोणत्याही वाचकाला ती उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे. त्याने आरंभ करावा तो घरी राइट केलेल्या जुन्या तबकड्यांपासून, त्यानंतर व्हीसीडी, मग डीव्हीडी, आणि छापील सीडी सर्वांत शेवटी. आणि ड्राइव्ह घ्यावयाचा झाल्यास, बाजारात मिळतो आहे तोवर, दोन निरनिराळ्या कंपन्यांचे दोन घ्यावेत, एवढी विनंती करून मी हे पान उलटतो.